इंधनाऐवजी घोडा : रोजच्या ये-जा करण्यासाठी पहिल्यापासूनची तयारी

मोटार महिनाभर झाकून ठेवली तर टाकीतलं इंधन टाकीतच राहतं. घोडा मात्र उभा असला तरी खातो. काम असो नसो, सकाळी त्याच्यापुढे वैरण पडलीच पाहिजे. त्यामुळे इंधन महागलं की घोडा आपोआप स्वस्त पडतो, असं नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस ठरावीक आणि जवळच्या अंतराचं काम असेल, वैरणीची व जागेची सोय हाताशी असेल आणि घरात रोज दीड-दोन तास देणारं माणूस असेल, तर हिशेब जमतो. महिन्यातून दोन खेपांसाठी घोडा पाळणं ही हौस झाली. ती जरूर करावी, पण तिला बचत म्हणू नये.

आधी कागदावर मांडा

सुरुवात घोड्याच्या वजनापासून करा, कारण दाणा, ओझं, औषधाची मात्रा सगळं त्यावर ठरतं. काटा नसेल तर मोजपट्टी चालते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी घ्या. घेराचा वर्ग करा, त्याला लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १७० आणि लांबी १५५ असेल तर वजन साधारण ३७७ किलो येतं.

पुढचे आकडे ४०० किलोच्या घोड्याचे आहेत. सुकी वैरण वजनाच्या २ टक्के, म्हणजे रोज ८ किलो. वर्षाला जवळजवळ ३ टन. कामाच्या दिवशी त्यावर २ ते ३ किलो दाणा. पाणी रोज २५ ते ४० लिटर, उन्हात काम असेल तर ६० लिटरपर्यंत. मीठ ३० ते ५० ग्रॅम. लीद रोज १५ ते २० किलो पडते, तिच्या खड्ड्याची जागा आधीच ठरवा. याशिवाय दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद, वर्षातून एकदा दातांची तपासणी, लसी आणि जंतांचं औषध. वैरण साठवायला कोरडी, हवेशीर जागा लागतेच. बुरशी धरलेलं गवत फुकट मिळालं तरी घोड्यापुढे टाकू नये. त्याने खोकला जडतो आणि पोटही बिघडतं.

आता अंतर. घोडा चालत तासाला ६ किलोमीटर जातो, दुडक्या चालीने १२ ते १४. रोजच्या प्रवासात चाल आणि दुडकी मिसळून सरासरी ८-९ धरा. अंगात काम मुरलेल्या घोड्याला ये-जा मिळून २० ते २५ किलोमीटर, आठवड्यातून पाच दिवस, हे झेपणारं काम आहे. एका बाजूने १० किलोमीटर म्हणजे सव्वा तास, शिवाय साज चढवण्या-उतरवण्याची अर्ध्या तासाची भर. हिशेब इथवर जमला तरी एक प्रश्न उरतो आणि पुष्कळांचा बेत तिथेच फसतो: पोचल्यावर घोडा दिवसभर कुठे उभा राहणार? सावली, पाणी आणि बांधायला भक्कम जागा नसेल तर बाकीची तयारी वाया जाते. ती सोय आधी पक्की करा, घोडा नंतर बघा.

पाठीवर की गाडीला

पाठीवरचं एकूण ओझं घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत हवं. ४०० किलोच्या घोड्यावर ८० किलो, आणि त्यात खोगीरही आलं. खोगीर ८-१० किलोचं धरलं तर स्वार सत्तरच्या आसपासचा असावा. एकट्या, हलक्या माणसाला स्वारी सोपी आणि कमी खर्चाची पडते. दोन माणसं, किंवा बाजाराचा माल, किंवा जड स्वार असेल तर गाडीला पर्याय नाही.

गाडी किती जड चालेल हे मात्र नुसत्या वजनावरून कळत नाही, ओढ किती लागते ते बघावं लागतं. घोडा आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढी ओढ तासन् तास देऊ शकतो. आपल्या घोड्याच्या बाबतीत ती ४० किलो झाली. समजा गाडी १८० किलो, दोन माणसं १४० आणि माल २८०, एकूण ६०० किलो. हवा नीट भरलेल्या रबरी टायरची गाडी डांबरी रस्त्यावर आपल्या वजनाच्या २ टक्के ओढ मागते: १२ किलो. घोड्याला पत्ताही लागत नाही. घट्ट मातीच्या रस्त्यावर ५ टक्के, म्हणजे ३० किलो, अजून ठीक. आता १०० मीटरला ५ मीटर चढ आला की डांबरावरही ३० किलोची भर पडते आणि ओढ ४२ वर जाते. मातीचा रस्ता आणि तोच चढ एकत्र आले तर ६०. इतकी ओढ घोडा थोडा वेळ देईल, रोज अर्धा तास नाही. चिखलात किंवा वाळूत तर चढ नसतानाही ओढ ९० किलोच्या घरात जाते. म्हणून माल भरताना वाटेतला सर्वांत वाईट तुकडा डोळ्यांसमोर ठेवावा. चढ मोजायला एक मीटरची पट्टी आणि पाण्याची पातळी दाखवणारी लेव्हल पुरे. पट्टीचं वरचं टोक रस्त्यावर टेकवून ती सपाट धरा; खालच्या टोकाशी जमिनीपर्यंत जितके सेंटिमीटर अंतर, तितके टक्के चढ.

(जाता जाता: ४० किलोची ओढ आणि तासाला ६ किलोमीटरचा वेग म्हणजे साधारण ६५० वॅट. एक अश्वशक्ती ७४६ वॅटची मानतात. रोजच्या कामात खरा घोडा त्याहून थोडा कमीच भरतो.)

टायरमधली हवा दर आठवड्याला तपासा. मऊ पडलेल्या टायरचा भार घोडा मुकाट्याने ओढतो, तक्रार करत नाही. कारण कळेपर्यंत तो वाळलेला असतो.

घोडा निवडताना

नवख्याने तरुण घोडा घेऊ नये. सात ते चौदा वर्षांचा, रहदारी पाहिलेला, शांत घोडा किंवा घोडी घ्या. नर असेल तर खच्ची केलेलाच असावा. रंग, उंची, आयाळ यांना वाहतुकीत काही किंमत नाही. स्वभाव आणि पाय यांनाच आहे.

बघायला न सांगता जा. आधीच दमवून शांत केलेला घोडा आणि मुळात शांत असलेला घोडा पहिल्या भेटीत सारखेच दिसतात. घोडा पकडण्यापासून साज चढवून रस्त्यावर नेईपर्यंत सगळं आधी मालकाला करायला सांगा, मग स्वतः करा. चारही खूर उचलू देतो का बघा. कडक, सपाट जमिनीवर सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवा आणि डोक्याकडे लक्ष ठेवा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं, चांगला पाय टेकताना खाली येतं. पाठीवर किंवा छातीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असले तर तिथे कधीतरी साजाने कातडी सोलली होती. जुनी जखम ही नकाराची गोष्ट नाही, पण आता वापरत असलेला साज तोच आहे का, हे विचारा. सौदा पक्का करण्याआधी मालकाने सुचवलेल्या नव्हे, आपण आणलेल्या पशुवैद्याकडून तपासणी करून घ्या.

स्वारीचा चांगला घोडा गाडीलाही चालेल, हे गृहीत धरू नका. मागून खडखडत येणारी वस्तू त्याला शत्रूच वाटते. त्याला जमिनीवरून लांब दोराने हाकायला शिकवणं, मग मागे टायर ओढायला लावणं, मग रिकामी हलकी गाडी, अशा पायऱ्यांना दोन-तीन महिने जातात आणि ते जाणत्याचं काम आहे. गाडीची सवय असलेलाच घोडा घ्यावा, हे बरं.

नवीन घोडा आणल्यावर लगेच कामाला जुंपू नका. पहिले दोन आठवडे रोज अर्धा-पाऊण तास नुसती चाल, नंतर दर आठवड्याला थोडी थोडी वाढ, पूर्ण कामावर यायला सहा ते आठ आठवडे. दम लवकर वाढतो. स्नायुबंध आणि हाडं मागून येतात. घोडा ताजातवाना दिसतो म्हणून तिसऱ्या आठवड्यात लांबची खेप मारली की लंगडेपणा हमखास.

खोगीर आणि साज

खोगीर कण्यावर टेकता कामा नये. स्वार बसल्यावरही मानेच्या मुळाशी असलेला उंचवटा आणि खोगीर यांच्यात दोन बोटं जागा राहावी आणि मागून पाहिलं तर कण्यावरून आरपार उजेड दिसावा. खरी परीक्षा घामाची. अर्धा तास काम झाल्यावर खोगीर काढा: सगळीकडे सारखा ओला डाग असेल तर ठीक. ओल्याच्या मधोमध कोरडा ठिपका म्हणजे तिथे इतका दाब पडतोय की घामही फुटत नाही. जखम पुढे तिथेच होणार. पाठ सोलली की ती पूर्ण भरेपर्यंत स्वारी बंद. खोगिराखालच्या गादीत अडकलेली एक काडी तुमचं वाहन पंधरा दिवस उभं करू शकते.

तंग, म्हणजे खोगीर पोटाखालून बांधणारा पट्टा, एकदम आवळू नका. तीन टप्प्यांत आवळा, मध्ये घोडा चार पावलं चालवा आणि पाच मिनिटांनी पुन्हा बघा. घोडे आवळताना पोट फुगवतात.

गाडीच्या साजात छातीपट्टा कुठे बसतो, ते महत्त्वाचं. तो खांद्याच्या सांध्याच्या वर आणि श्वासनळीच्या खाली हवा. खाली सरकला तर पाऊल अडतं, वर गेला तर चढावर घोड्याचा श्वास कोंडतो. छातीपट्ट्यापासून गाडीकडे जाणारे दोन ओढपट्टे गाडीला थेट बांधू नयेत. ते हलत्या आडव्या दांडीला अडकवावेत. चालताना घोड्याचे खांदे आळीपाळीने पुढे जातात. दांडी हलत नसेल तर ती सगळी हालचाल छातीच्या कातडीवर घासते.

पुठ्ठ्यामागून जाणारा पट्टा उतारावर गाडी अडवून धरतो. तो नसेल तर गाडी घोड्याच्या मागच्या पायांवर आदळते. ओढपट्टे ताणलेले असताना या पट्ट्यात आणि मांडीत एक मूठ जाईल एवढी मोकळीक ठेवा. याच्या जोडीला गाडीला स्वतंत्र ब्रेक हवाच.

दुचाकी गाडीत माल चाकांच्या आसावर तोलून भरा. बसल्यावर घोड्याच्या दोन्ही बाजूंना येणाऱ्या गाडीच्या दांड्यांचं पाठीवर येणारं वजन अगदी हलकं, एका हाताने सहज उचलता येईल असं असावं. माल मागे गेला तर दांड्या वर उठतात आणि पोटपट्टा पोटात रुततो. चढावर तोल आपोआप मागे जातो, तेव्हा माणसांनी पुढे झुकावं, उतारावर उलट.

जुंपण्याचा क्रम

इथे क्रम चुकला तर अपघातच होतो. सुरुवातीचे काही महिने घोड्याच्या तोंडाशी दुसरं माणूस उभं असावं.

१. साज अंगावर चढवा, लगाम घाला, लगामाच्या वाद्या हाताला येतील अशा ठेवा.

२. गाडी घोड्याकडे आणा. घोड्याला मागे रेटून दांड्यांमध्ये घालू नका. दांड्या साजाच्या दोन्ही बाजूंच्या अडकणीत सरकवा.

३. आधी ओढपट्टे जोडा. घोडा या क्षणी पुढे निघालाच तर गाडी त्याच्या मागून सरळ येते.

४. मग पुठ्ठ्यामागचा पट्टा, शेवटी पोटपट्टा.

५. भोवती फिरून प्रत्येक बक्कल हाताने ओढून बघा. वाद्या हातात घेऊन हाकणारा आधी चढतो, बाकीचे नंतर. उतरताना बाकीचे आधी, हाकणारा शेवटी.

सोडताना नेमकं उलट: पोटपट्टा, पुठ्ठ्यामागचा पट्टा, सर्वांत शेवटी ओढपट्टे. गाडी जोडलेली असताना लगाम कधीही काढू नका, पाणी पाजायलासुद्धा नाही. लगामाबरोबर डोळ्यांवरची झापडं निघाली की घोड्याला पाठीमागे चिकटलेली गाडी एकदम दिसते. शांतातला शांत घोडाही मग उधळतो आणि धरायला तुमच्या हातात काहीच उरत नाही.

रस्त्यावर

पहिली आणि शेवटची पंधरा मिनिटं नुसती चाल. डांबरावर दुडकी कमीत कमी ठेवा. कडक रस्त्याचे धक्के पायांतच मुरतात. उतारावर चालच.

घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण नाकाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. जवळ जाताना खांद्याच्या दिशेने, आवाज देत जा. घोडा बुजला तर तोंड त्या वस्तूकडे थोडं वळवून त्याला बघू द्या, आवाज खाली ठेवा आणि पुढे चालवा. त्या क्षणी चाबूक ओढला तर त्याची खात्रीच पटते की ती वस्तू मारते. उधळलाच तर दोन्ही वाद्या सतत ताणून धरू नका, तो त्यावर भार टाकून आणखी पळतो. ओढा-सोडा, ओढा-सोडा करा आणि मोकळी जागा असेल तर मोठ्या वर्तुळात वळवा. चालत्या गाडीत आखूड वळण घेतलं तर गाडी उलटते.

गाडीच्या मागे लाल परावर्तक आणि दिवा दोन्ही लावा. मागून येणारा मोटारवाला तुमचा वेग मोटारीचाच धरून चालतो. जनावरांच्या गाडीला कोणत्या रस्त्यांवर मनाई आहे, याचे स्थानिक नियम आधी विचारून घ्या.

बांधताना लगामाने बांधू नका. झटका बसला तर तोंड फाटतं. लगामाखाली साधी म्होरकी ठेवा आणि तिचा दोर घोड्याच्या खांद्याच्या उंचीवर, हातभर लांबीचा, एका ओढीत सुटेल अशा गाठीने भक्कम खांबाला बांधा. दोर लांब सोडला तर पाय अडकतो.

दाणा-पाणी

घोड्याचं पोट लहान आहे आणि त्याला ओकता येत नाही. जे चुकीचं गेलं ते पुढेच सरकतं. म्हणून एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त दाणा कधीही नाही, आणि दाण्याआधी वैरण. ओट सर्वांत निर्धोक, जव भरडून द्यावा. खाणं बदलायचं असेल तर सात ते दहा दिवसांत हळूहळू. पोटातल्या जिवाणूंना बदलायला तेवढा वेळ लागतो. दाणा खाल्ल्यावर तासभर कष्टाचं काम नको. तापून आलेल्या घोड्यालाही तासभर दाणा नको. पाणी मात्र तोडू नका: आल्यावर थोडं पाजा, चालवा, पुन्हा पाजा. दिवसभर बाहेर असाल तर तोबरा आणि बादली सोबत ठेवा. अनोळखी पाणी पुष्कळ घोडे पीत नाहीत, तेव्हा घरचं थोडं नेलेलं बरं.

सुट्टीच्या दिवशी दाणा निम्मा करा. नवखे लोक इथेच सर्वांत जास्त फसतात. पूर्ण दाणा खाऊन एक-दोन दिवस उभा राहिलेला घोडा पुन्हा जुंपला की निघाल्यानंतर थोड्याच वेळात मागचे पाय ताठरतात, घाम फुटतो, लघवी कॉफीच्या रंगाची होते. स्नायू तुटू लागलेले असतात. अशा वेळी त्याला चालवत घरी आणू नका. जिथे आहे तिथेच सोडा, अंगावर पांघरूण घाला, पाणी द्या आणि पशुवैद्याला बोलवा.

खूर

रोज दोनदा, निघताना आणि आल्यावर, आकड्याने खूर साफ करा. टाचेकडून पुढच्या टोकाकडे. तळातल्या त्रिकोणी मऊ भागाच्या बाजूच्या खाचांत खडे अडकतात. खुराला कुजका वास आणि काळा चिकट स्राव आला तर तबेल्याची जमीन ओली आहे, तिचा आधी बंदोबस्त करा. नाल झिजली नाही म्हणून नालबंदाला पुढे ढकलू नका: नाल तशीच राहते, खूर मात्र वाढतो, पुढे येतो आणि टाचेच्या स्नायुबंधावर ताण पडतो. गुळगुळीत, ओल्या डांबरावर लोखंडी नाल घसरते. रोज असा रस्ता असेल तर नालबंदाकडून कडक धातूची टोकं असलेले खिळे मारून घ्या.

खुरात खिळा घुसलेला दिसला आणि घोडा उभा राहू शकत असेल तर तो उपटू नका. किती आत आणि कोणत्या दिशेने गेला, हे पशुवैद्याला कळायला हवं. पाऊल टेकून तो आणखी आत जाणारच असेल तर काढा, पण जागेवर खूण करून ठेवा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. त्याची लस चुकवू नका.

रोजची पाहणी

सकाळी खरारा करताना हात सगळ्या अंगावरून फिरतो, तीच तपासणी. चारही पायांना हात लावून एखादा जास्त गरम लागतो का बघा. विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. आपल्या घोड्याचे नेहमीचे आकडे लिहून ठेवा. काम संपल्यावर पंधरा मिनिटांनी नाडी ६० च्या खाली आली नसेल तर ती खेप त्याला जड झाली. दुसऱ्या दिवशी अंतर किंवा माल कमी करा.

जमीन खरडणं, वळून कुशीकडे बघणं, लोळणं, लीद बंद होणं ही पोटशूळाची लक्षणं आहेत. खाणं काढून घ्या आणि लगेच पशुवैद्याला बोलवा. रात्र जाऊ देऊ नका.

तबेला एका घोड्याला साडेतीन मीटर लांब-रुंद हवा, छत उंच, हवा खेळती. आत गेल्यावर डोळे चुरचुरले तर मुताचा वायू साठतोय, आणि तोच त्याच्या फुप्फुसात जातोय. एकटा घोडा बेचैन होतो; दुसरा घोडा परवडत नसेल तर गाढव किंवा शेळीची सोबत चालते. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी आणि त्या दिवशी मोकळं फिरणं.

वर्षातले काही दिवस घोडा लंगडणार, आजारी पडणार, त्याची नाल निघणार. त्या दिवसांसाठी सायकल, शेजाऱ्याची गाडी, काहीतरी ठरलेलं असू द्या. नसेल तर लंगड्या घोड्याला जुंपायचा मोह होतो आणि चार दिवसांचं दुखणं चार महिन्यांचं होतं.

गाडीत कायम ठेवायच्या वस्तू थोड्याच: म्होरकी आणि दोर, खुराचा आकडा, बादली, तोबरा, जादा ओढपट्टा, पट्टीचं कापड, टायरचा पंप, चाकाला लावायची पाचर आणि एक धारदार सुरी. गाडी उलटून घोडा साजात अडकला तर बक्कल सोडायला वेळ नसतो, पट्टा कापावाच लागतो. त्यामुळे सुरी मालाखालच्या पेटीत ठेवू नका. ती हाकणाऱ्याच्या अंगावर, म्यानात हवी.